तापवलेली गिटार

शेगडी धुरपदानंच दिली होती.

नाताळची सकाळ होती. भीमेवरचं धुकं दौंडच्या रेल्वे क्वार्टरांच्या ओट्यापर्यंत आलं होतं. सासरे रखमाजी म्हणाले, "पोरी, इंगळ असतील तर दे थोडं." म्हाताऱ्याचे हात गारठले असतील असं समजून तिनं चुलीतले निखारे शेगडीत ओढले, शेगडी त्यांच्यापुढं ठेवली आणि ती करंज्या तळायला वळली. दुसरा घाणा कढईत सोडला तेव्हा मागून टकटक ऐकू आली, म्हणून तिनं पाहिलं.

रखमाजींनी तिच्या नवऱ्याची, शलमोनची, गिटार निखाऱ्यांवर आडवी धरली होती. एका हातानं ती सावकाश फिरवत होते, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिच्या पोटावर टिचक्या मारत होते. कान खाली नेऊन ऐकायचे, थोडं उचलायचे, पुन्हा फिरवायचे. एरवी चहाचा कप धरताना थरथरणारी बोटं अजिबात थरथरत नव्हती. धुरपदा झारा हातात धरून बघत राहिली. बारा वर्षांच्या संसारात सासऱ्यांचे असे हात तिनं कधी पाहिले नव्हते. बघण्यात तिचा वेळ गेला आणि तेवढाच वेळ हाताशी होता.

"मामंजी," ती म्हणाली, तेवढ्यात काडकन आवाज झाला. तारा जिला बांधलेल्या असतात ती पट्टी गिटारीच्या अंगावरून सुटून उडाली. एक तार रखमाजींच्या गालावरून सपकन गेली. गालावर रक्ताची बारीक रेघ उमटली. त्यांनी ती पुसलीसुद्धा नाही. मांडीवरच्या गिटारीच्या पोटाला वीतभर चीर पडली होती, तिच्याकडं ते बघत बसले.

कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या.

ती गिटार शलमोनला कशी मिळाली, हे त्या वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या आधीचं मात्र कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. शलमोन मूळचा केंदूरचा. आई लहानपणीच गेली. बाप शिरूरच्या मिशनशाळेत शिपाई म्हणून राहिला आणि पोराला तिथल्याच बोर्डिंगात घातलं. तिथं बाजाची पेटी होती. शिकवायला कुणी नव्हतं, पण शलमोन नुसता ऐकून वाजवू लागला. एकोणपन्नास साली तो दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर म्हणून लागला. शेडमधून घरी येताना रेल्वेच्या क्लबावरून यावं लागे. तिथं शनिवारी साहेबलोकांचा नाच असायचा. हिगिन्स नावाचा इंजिन ड्रायव्हर तिथं गिटार वाजवायचा. शलमोन तेलकट कपड्यांनिशी खिडकीखाली उभा राहायचा. शेवटी हिगिन्सनंच त्याला आत बोलावलं. चार वर्षं दर रविवारी दुपारी तो त्याच्याकडं शिकला. छप्पन्न साली हिगिन्सचं कुटुंब कायमचं विलायतेला निघालं, तेव्हा फलाटावर त्यानं गिटार शलमोनच्या हातात ठेवली. म्हणाला, "डावा हात मी शिकवला. उजवा तू कुठून आणलास? त्या हाताचा ठेका माझ्या पुस्तकात नाही."

"बोर्डिंगात शिकलो, साहेब," शलमोन म्हणाला होता. धुरपदा तिथंच उभी होती.

घरी, बारशाला, आजाऱ्याच्या उशाशी शलमोन वाजवायचा. देवळात मात्र नाही. ख्रिस्ती मंडळीचे ज्येष्ठ पंच हौसराव मास्तर, पेन्शनर माणूस, कडक. "पेटी आहे, तबला आहे, झांजा आहेत. हे नाचघरातलं वाद्य प्रभूच्या घरात कशाला? बाटलीचा वास जाईल का त्याचा?" पाच वर्षं शलमोननं दर सभेत अर्ज केला. पाच वर्षं नकार आला. शेवटी एकसष्ट साली हौसराव म्हणाले, "मास्तरांचा मुलगा आहेस, म्हणून ऐकतो. नाताळच्या उपासनेत एक गीत वाजव. मंडळीला रुचलं तर राहील. नाही तर पुन्हा अर्ज करायचा नाही."

मास्तरांचा मुलगा. नोकरीवर रुजू झाला त्या दिवशी शलमोननं बापाला शिपायाचं मास्तर केलं होतं. धुरपदाला ते लग्नानंतर कळलं आणि तिनंही ते चालवून घेतलं. शिपायाच्या सुनेपेक्षा मास्तरांच्या सुनेला नळावर पहिला नंबर मिळायचा. रखमाजी दौंडला कधी येत नव्हते, त्यामुळं काही अडलं नाही. या वर्षी मात्र त्यांनी स्वतःहून पत्र लिहवून घेतलं की देवळात पोराचं वाजवणं ऐकायचं आहे. आदल्या दिवशी ते शिरूरच्या एसटीनं आले होते, नवी टोपी घालून.

शलमोन पहाटेच देवळात सतरंज्या घालायला गेला होता. जाण्याआधी त्यानं तारा छेडून पाहिल्या आणि तो म्हणाला, "थंडीनं आवाज बसलाय. आल्यावर बघतो."

तो आला तेव्हा शेजारचे मीरासाहेब ओट्यावर गिटार घेऊन बसले होते. ते रेल्वेच्या डबे दुरुस्तीत सुतार होते. धुरपदानंच त्यांना हाक मारली होती.

"चिकटवलेला सरस सुटलाय," मीरासाहेब म्हणाले. "नवा लावून शिकंज्यात आठ दिवस दाबायला पाहिजे. आज नाही व्हायचं, शलमोनभाई."

शलमोननं गिटारीला हातही लावला नाही. "काय झालं?"

"शेगडी मी दिली," धुरपदा म्हणाली.

"तिचा काय दोष न्हाई," रखमाजी म्हणाले. "म्या तापवली."

"गिटार तापवतात का, आबा?"

"आवाज बसलाय म्हनलास. बसल्याला तापवूनच उठवत्यात. हलगीचं पान, तिचं कातडं, थंडीत असंच बसायचं. तीस वरसं तापवली म्या. येक पान फाटू दिलं न्हाई."

धुरपदाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. हलगीचं नाव या घरात कधी निघालंच नव्हतं.

"गावकीची हलगी," रखमाजी तिला समजावल्यासारखं म्हणाले. "देवीम्होरं, लगनात, मयताम्होरं. बाप्तिस्मा घेतला तवा नदीत सोडली. ह्यो तवा चार-पाच वरसांचा हुता. माझ्या मांडीवर बसून वाजवायचा."

मीरासाहेब उठून आपल्या घरात गेले. काही गोष्टी शेजाऱ्यानं ऐकू नयेत, एवढं त्यांना समजत होतं.

शलमोन खाली बघून बोलला. आवाज चढवला नाही, तेच धुरपदाला जास्त लागलं. "आबा, तुम्ही देवळात येऊ नका. हौसराव मास्तर विचारतील. कसं झालं, का झालं. मी सांगतो, मांजरानं पाडली."

"अहो," धुरपदा म्हणाली.

"तू गप बस. साडी बदल."

रखमाजी म्हणाले, "बरं." एवढंच. नवी टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

धुरपदानं साडी बदलली. पोरींच्या वेण्या घातल्या. म्हाताऱ्यापुढं करंज्यांची ताटली ठेवली, त्यातल्या न जळलेल्या निवडून. वाटेत तिला राहून राहून वाटत होतं की आपण परत वळावं. ती वळली नाही. आपण वळत नाही, याचा तिला धक्काच बसला.

देऊळ गच्च भरलं होतं. पुढं एक रिकामी खुर्ची मांडली होती, शलमोनसाठी. पाळकांची प्रार्थना झाली. हौसराव मास्तर उभे राहिले. "आज आपल्या सभेनं एका नव्या वाद्याला परवानगी दिली आहे." मग त्यांना शलमोनचे रिकामे हात दिसले.

"मांजरानं पाडली," शलमोन म्हणाला. "फुटली."

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. हौसरावांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण दुःखही नव्हतं. "प्रभूनंच उत्तर दिलं म्हणायचं. बसा. पेटी घ्या."

"मांजार न्हाई," दारातून आवाज आला. "म्या फोडली."

रखमाजी उंबऱ्याच्या आत उभे होते. गालावरची रेघ सुकून काळी झाली होती. धुरपदाच्या चादरीत गुंडाळलेली गिटार त्यांनी तान्ह्या पोरासारखी धरली होती. वसाहतीपासून देवळापर्यंत ते विचारत विचारत आले असणार.

"आपण कोण?" हौसरावांनी विचारलं.

"ह्याचा बाप."

"या, या मास्तर. पुढं या."

"मास्तर?" रखमाजींनी मागं वळून पाहिलं, आणखी कुणी आलंय की काय म्हणून. "म्या शाळंची घंटा वाजवायचो. त्याच्या आदी गावची हलगी. तिच्यावानी ही तापवाया गेलो. चूक झाली. पोराला बोल लावू नका, मांजराला बी न्हाई."

कुणी हसलं नाही. त्या देवळात बसलेल्यांपैकी किती जणांच्या बापांनी आणि आजोबांनी आपापल्या हलग्या नदीत सोडल्या होत्या, हे कुणी कुणाला विचारत नसे. आता सगळे समोर बघत होते. हौसराव मास्तरही समोर बघत होते, आणि समोर नुसती भिंत होती. धुरपदानं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तिला वाटलं, आता हा उठून निघून जाईल. दौंड सोडायला लागेल. नळावर काय सांगायचं?

शलमोन उठला. बापाकडं गेला. चादर सोडून त्यानं गिटार घेतली, लोंबणाऱ्या तारा एकेक करून काढल्या आणि चादरीत ठेवल्या. खुर्चीवर तो बसलाच नाही. सतरंजीवर मांडी घातली, गिटार पालथी मांडीवर ठेवली. पाठीला चीर नव्हती.

"पाळकसाहेब, गीत सांगा," तो म्हणाला.

पाळकांनी हौसरावांकडं पाहिलं. हौसरावांची नजर अजून भिंतीवरच होती. पाळकांनी गीताचा आकडा सांगितला. पेटी सुरू झाली.

शलमोननं पहिल्यांदा बोटांनी टिचक्या मारल्या, मग तळव्यानं एक ठोका. मग उजवा हात सुटला. धुरपदानं पदर तोंडाशी धरला. पाच वर्षं ती हा हात ऐकत आली होती, भाकरी थापताना, पोरींना निजवताना. तिला तो विलायती वाटायचा. आज सकाळी निखाऱ्यांवर हाच हात होता. तबलजीनं तबला सोडून दिला आणि तो ऐकत बसला. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या टाळ्या धरू लागल्या.

गीत संपल्यावर हौसराव मास्तर पुढं आले. "वाद्य दुरुस्त झालं," ते म्हणाले, "की मग सभेत बघू." म्हणजे काय, ते ईस्टरला कळलं. चीर पडलेली, मीरासाहेबांनी सांधलेली गिटार ईस्टरला खुर्चीवर बसून वाजली. त्यानंतर अर्ज करावा लागला नाही. नळावर धुरपदाचा नंबर मात्र मागं गेला, तो मागंच राहिला.

पण ते पुढचं. त्या सकाळी गीत चालू असताना ती उठून बायकांची बाजू सोडून मागं गेली आणि सासऱ्यांजवळ खाली बसली. घरातलं "देवळात येऊ नका" तिच्या कानात अजून वाजत होतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी असेल, असं तिला वाटलं होतं. तिथं पाणी नव्हतं. ते मान वाकडी करून, डोळे बारीक करून पोराचा हात निरखत होते.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका."

रखमाजींनी तिला हातानं थांबवलं.

"लई घाई करतोय," ते म्हणाले. "लहान हुता तवा बी अशीच करायचा."