खुर्चीतली म्हातारी

"परकी भाषा आली म्हणजे बाईचं जगात कुठेच अडत नाही," असं पारास्कीवाबाई एकदा म्हणाल्या होत्या, आणि व्हालेया गावात ते खरं ठरलं होतं. त्यांच्याकडे इटालियन शिकलेली एकही बाई अडली नव्हती. एकेक करून सगळ्या मोल्दोव्हा सोडून गेल्या होत्या, इटलीतल्या म्हाताऱ्यांना भरवायला, न्हाऊ घालायला, त्यांच्या उशाशी बसायला. गेलेल्यांनी इकडच्या घरांवर नवी छपरं घातली, आयांच्या डोळ्यांची ऑपरेशनं केली, आणि मग मुलांनाही तिकडे नेलं. मुलं गेली तशी गावची शाळा बंद पडली. त्याच शाळेत बाईंनी जन्मभर फ्रेंच शिकवलं होतं. पण तक्रार करायची कुणाकडे? उन्हाळ्यात परत येणाऱ्या बायका त्यांना कॉफीचे पुडे आणून देत. फळीवर पुड्यांची रांग लागली होती. बाई मात्र लिंडनच्या फुलांचा काढाच प्यायच्या.

वर्ग आता गावच्या सभागृहात भरायचा, लाकडं जाळायच्या भट्टीभोवती. पुस्तकातलं संपलं की बाई खांद्यावर शाल घेऊन खुर्चीत बसत आणि म्हातारी होत. घास थुंकणारी, अंगठी चोरलीस म्हणून ओरडणारी, मेलेल्या आईला हाका मारणारी म्हातारी. शिकणारीनं तिची इटालियनमध्ये समजूत घालायची, तिला भरवायचं, काखेत हात घालून उठवायचं.

"बाई, परवा तुम्ही मला चोरटी म्हणालात ना, घरी गेल्यावरसुद्धा मनाला लागून राहिलं बघा," जाडजूड झिनाइदा म्हणाली.

"लागू दे. तिकडे रोज लागणार आहे."

"मग मी सांगेन, आजीबाई, तुमच्या अंगठीत माझी करंगळीसुद्धा शिरत नाही!"

"हे इटालियनमध्ये सांग. मराल नुसत्या खिदळून."

इटलीतली माणसं पारास्कीवाबाईंच्या शब्दावर कामाला बाई ठेवून घेत. त्यांचा फोन वर्गाच्या वेळेलाच यायचा, आणि बाई आवाज मोठा करून सगळ्यांदेखत बोलत. मागे एकीनं 'बाईंनी माझं काम मोडलं' अशी गावभर बोंब मारली होती, तेव्हापासून हा नियम त्यांनीच घालून घेतला होता.

त्या हिवाळ्यात त्यांची स्वतःची लेक व्हिओरिका वर्गात येऊन बसली. तिचा नवरा बांधकामावर मॉस्कोला गेला तो फिरकलाच नाही. तालुक्याचा शिवणकामाचा कारखाना बंद झाला होता. घरात तिची पोर आनुत्सा होती, बुटाची नाडी अजून आईकडून बांधून घेणारी. बाई लेकीला नको म्हणाल्या नाहीत. मनात एवढंच धरून राहिल्या, की हिला भाषा येणार नाही. पण ती आली. पाणी मुरावं तशी आली.

भरवायला लेकीचा नंबर लागला त्या दिवशी बाई खुर्चीत नेहमीपेक्षा खोल बसल्या. व्हिओरिका समोर वाटी घेऊन गुडघ्यावर टेकली. बाईंनी तोंड फिरवलं.

"तू कोण? मी ओळखत नाही तुला. तुझ्या घरी जा," त्या इटालियनमध्ये म्हणाल्या. आणि मग जे कधीच कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाल्या, "तुझं पोर रडतंय तिकडे."

 

व्हिओरिकानं पावाचा तुकडा वाटीतल्या सुपात बुडवला. "रडू दे आजी," ती त्याच भाषेत हळूच म्हणाली. "आधी तुम्ही जेवा."

बाईंनी तोंड उघडलं. या पोरीच्या हातून त्या आयुष्यात पहिल्यांदाच जेवत होत्या. घास गिळला.

तेवढ्यात फोन वाजला. तेस्सारो नावाचा माणूस, आईसाठी बाई शोधत होता. तुमची विद्यार्थिनी बोलते का, समजतं का, चिडते का. बाई लेकीबद्दल खरं तेच सांगत गेल्या. बोलते. समजतं. चिडत नाही.

"अजून एक. तिला लहान मूल नाही ना? आधीची पोरासाठी रडत राहिली आणि निघून गेली. आईनं तेव्हापासून अन्न टाकलंय. मूल असेल तर आम्हाला जमणार नाही."

हा प्रश्न बाईंना नवा नव्हता. आजवर प्रत्येकीसाठी त्यांनी एकच उत्तर दिलं होतं. मूल आजीपाशी राहील, आजी खंबीर आहे. आज नुसतं 'आहे, लहान आहे' म्हणून थांबलं तरी काम मोडायला पुरे होतं. खोटंही झालं नसतं. लेकीला इटालियन येत नसतं तर फोन ठेवून सांगता आलं असतं, 'नाही म्हणाले गं, काय करणार.' पण लेक समोर गुडघ्यावर होती आणि शब्द न् शब्द तिला कळत होता. तिच्यापासून काही लपवायला बाईंकडे आता एकही भाषा उरली नव्हती.

"ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला.

 

व्हिओरिकानं वाटी खाली ठेवली आणि त्यांच्या हातातला फोन घेतला. "मीच बोलतेय, व्हिओरिका. मूल आहे. मुलगी आहे. ती माझ्या आईपाशी राहील. आई खंबीर आहे."

 तेस्सारो म्हणाला, "छान बोलता हो तुम्ही. कुठे शिकलात?"

"आईकडेच."

"बरं. मूल आजीपाशी राहणार असेल तर चालेल. या रविवारच्या गाडीनं."

"अगं बाई! बाई, पास झाली की तुमची लेक!" झिनाइदा टाळ्या पिटत म्हणाली. पास होणाऱ्या प्रत्येकीला बाई शाब्बास म्हणत. सगळ्याजणी तेवढ्यासाठी थांबल्या. व्हिओरिकाही थांबली.

"आई?" ती म्हणाली.

बाईंना उठता येईना. लेकीनं शिकवल्याप्रमाणे काखेत हात घातला, आपल्या गुडघ्यावर भार घेतला आणि त्यांना अलगद उभं केलं. कुठेच चुकली नाही. बाईंनी तिचा हात सोडवला, शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि कुणाकडेही न बघता दार उघडून बाहेर चालत्या झाल्या.