आमच्या घराण्याची ढाल

ढालीवर सिंह मीच काढायला लावला, हे आधी कबूल करून टाकतो. मुलीचा त्याला विरोध होता.

ती पाचवीत आहे, कतारमधल्या अल खोरच्या एका इंग्रजी शाळेत. त्या महिन्यात त्यांना युरोपातलं मध्ययुग शिकवत होते आणि शेवटी प्रकल्प होता: आपापल्या घराण्याची ढाल तयार करायची. चिलखत घालून तोंडावर लोखंडी झाकण ओढलं की सगळे सरदार सारखेच दिसायचे, आपला कोण आणि परका कोण ते कळेना. म्हणून ढालीवर रंगीत खूण काढायची पद्धत पडली. ती खूण बापाकडून मुलाकडे जायची. लढाया संपल्या, खुणा राहिल्या. एवढं मुलीनं सांगितलं आणि ‘घराणं’ हा शब्द ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

कारण आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारता सांगतो. विमानात शेजारी बसलेल्याला सांगितलंय, कोपऱ्यावरच्या किराण्याच्या बकाल्यात दूध घेताना मल्याळी दुकानदाराला सांगितलंय. माझी बी.ई. मेकॅनिकलची पदवी हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगली आहे, म्हणजे पाहुण्यानं कुठंही मान वळवली तरी ती चुकू नये. बायको एम.कॉम. आहे. तिच्या माहेरी शिकण्याची ही तिसरी पिढी, त्यामुळे तिची पदवी कपाटात शालूखाली पडलेली असते. मी तिला म्हणतो, ज्याच्या घरी अंगठा उठवणारं कुणी नव्हतं त्याला कागदाची किंमत काय कळणार.

शुक्रवारी सुट्टी होती. कार्डशीट आणली, मुलीला शेजारी बसवलं आणि कामाला लागलो. म्हणजे मी लागलो, ती बघत बसली. जेवायच्या वेळेपर्यंत आमच्या ढालीवर एक सिंह, एक किल्ला, एक उघडं पुस्तक, पदवीची गुंडाळी, गॅसची ज्योत, एक शिडाची होडी आणि दोन तलवारी आल्या.

“तलवारी कुणाच्या?” बायकोनं विचारलं.

“असतील की पूर्वजांच्या.”

“अहो, तुमच्या पूर्वजांकडे स्वतःचा विळा तरी होता का?”

मी ब्रश उचलला आणि रंगवायला घेतलं. रंगात मला कुणी शिकवू नये, कारण तो माझा धंदाच आहे. रास लफानच्या गॅस प्लॅन्टमध्ये पाईपांच्या रंगकामाचा मी इन्स्पेक्टर. थर किती जाड, पट्टा कुठल्या रंगाचा, हे मी ठरवतो आणि लोक पुन्हा घासायला घेतात. निळ्या ढालीवर मी लालभडक सिंह रंगवला. पिवळ्या पुस्तकाला पांढरी पानं दिली.

“बाबा, दॅट्स इल्लीगल,” मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

मग तिनं मला नियम सांगितला. ढालीच्या रंगांचे दोन वर्ग. सोनं आणि चांदी हे धातू, ते पिवळ्या आणि पांढऱ्यानं दाखवायचे. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. निळ्यावर सोनेरी चालतं, निळ्यावर लाल नाही. का, तर धुळीतून घोडा दौडत आला तरी लांबून ढाल ओळखता आली पाहिजे.

“तुझ्या मॅडमनं पाईप रंगवलेत का कधी?” मी म्हणालो.

तिनं शीट उचलली, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली आणि ती धरून म्हणाली, “व्हॉट डू यू सी?”

मला निळ्या टेबलक्लॉथवर सांडलेला सॉस दिसला. माझ्याच प्लॅन्टच्या गेटवर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘धोका’ लिहिलेलं आहे. रोज कंपनीच्या बसमधून मी ती पाटी वाचतो, आणि हा नियम मला दहा वर्षांच्या पोरीनं शिकवावा!

एवढ्यावर भागलं नाही. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची डावी. प्राण्याचं तोंड त्या बाजूला हवं. माझा सिंह उलटीकडे बघत होता. म्हणजे, मुलीच्या म्हणण्याप्रमाणे, तो लढाईतून घरी निघाला होता.

तिसरा नियम मला मनापासून आवडला, आणि त्यानंच माझं कंबरडं मोडलं. ढाल शब्दांत सांगता आली पाहिजे. नुसतं वाचून दाखवायचं, आणि ज्यानं ती कधी पाहिली नाही अशा माणसाला ती तशीच्या तशी काढता आली पाहिजे. शाळेत ढालींच्या दिवशी हेच करायचं होतं: एकानं वाचायचं, बाकीच्यांनी काढायचं. ड्रॉइंगच्या नोंदी लिहिण्यात माझी हयात गेली, म्हणून मी वर्णन लिहायला बसलो. दीड पान झालं. बायकोला वाचून दाखवलं, तिनं निमूटपणे काढलं. तिच्या कागदावर भंगारवाल्याचा भरलेला टेम्पो आला होता.

“खलास,” असं म्हणून मुलीनं शीट गुंडाळली. “आय विल डू माय ओन.”

इथपर्यंत नुकसान फक्त कागदाचं होतं. खरा घोळ मी वेगळ्याच कागदावर घालून ठेवला होता.

प्रकल्पाबरोबर एक फॉर्म आला होता: घरातल्या तीन पिढ्यांचे व्यवसाय लिहा. माझ्या नावापुढे मी इंजिनियर लिहिलं, ते ठळक अक्षरांत. आजोबांच्या रकान्यापाशी पेन थांबलं. माझे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, जात्यांना टाकी लावायचे. जातं फिरून फिरून गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही. मग छिन्नी-हातोडा घेऊन दगडाला पुन्हा खरखरीत करायचं. “जात्याला टाकीऽऽ” असं ओरडत ते गावोगाव फिरायचे. घरोघरची दगडी जाती बंद पडली तसे ते पिठाच्या गिरण्यांच्या दगडांना टाकी लावू लागले. कॉलेजच्या हॉस्टेलवर वडिलांचं काय, असं विचारलं की मी ‘बिझनेस’ म्हणायचो. ऑफिसातही तेच. पण फॉर्मसाठी नुसतं ‘बिझनेस’ पुरेसं वाटेना. मुलीच्या वर्गात कुणाचे आजोबा आरमारात, कुणाचे बँकेत. मी विचार केला, छिन्नी तर छिन्नीच, आणि लिहिलं: शिल्पकार. इंग्रजीत तो शब्द आणखी रुबाबदार दिसतो.

आबा तेव्हा आमच्याकडेच होते, व्हिजिट व्हिसावर आलेले. संध्याकाळी ते शेंगा फोडत बसले असताना मुलीनं शाळेची मेल वाचून दाखवली, बायको ती आबांना मराठीत सांगत गेली. तुमच्या घरी शिल्पकार आजोबा आले आहेत हे कळून आम्हाला फार आनंद झाला, ढालींच्या दिवशी त्यांना जरूर आणा, मुलांना त्यांच्या मूर्तींविषयी ऐकायचं आहे.

“शिल्पकार कोन?” आबांनी विचारलं.

बायको माझ्याकडे बघत होती. तिला हे नवीन होतं, आणि मजा वाटत होती. “तुम्ही, आबा. मूर्तिकार.”

“म्या? मारुतीला शेंदूर फासला आसंल तेवढाच मूर्तीला हात लागला माजा.” ते हसले. मग हसू थांबलं. “आरं, ह्ये कुनी लिवलं?”

मी सांगितलं.

“आन् हापिसात काय सांगितलंस माजं?”

“बिझनेस.”

“कसला?”

“पुढचं कुणी विचारत नाही, आबा.”

ते टरफलं गोळा करत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, मला रागाची सवय आहे. टरफलं ताटलीत टाकून म्हणाले, “जाऊ दे. बिझनेस तर व्हताच. पोरीसाटी मी येतो शाळंत. पर मूर्तीचं इचारलं तर म्या खोटं बोलायचा न्हाई. आन् चार मान्सांत तुला बी खोटं पाडायचा न्हाई. मग मी गप बसंन. कसं करायचं ते तूच बघ.”

म्हणजे मी फॉर्म दुरुस्त केला नाही, तर माझा बाप परक्या देशात, वीस-पंचवीस पोरांसमोर, नातीशेजारी मुका बसणार होता.

“बाबा, यू टेल मॅम,” मुलगी म्हणाली.

“सांगतो, इन्शाल्ला.”

“नो इन्शाल्ला. प्रॉमिस.” इथल्या पोरांना आईबापांच्या इन्शाल्लाचा अर्थ बरोबर ठाऊक असतो.

पुढचे चार दिवस मी कंपनीच्या बसमध्ये मेल लिहीत होतो. दुसऱ्यांच्या चुका रोज इंग्रजीत बिनबोभाट लिहिणारा माणूस मी. माझ्या चुकीला मात्र वाक्य सापडेना. एका मसुद्यात आबा ‘उपयुक्त वस्तूंचे शिल्पकार’ झाले. दुसऱ्यात ‘अन्नप्रक्रिया उद्योगातील दगडतज्ज्ञ’. हा तर मला इतका आवडला की मी तो शेजारी बसलेल्याला वाचून दाखवणार होतो. पाठवला एकही नाही. मॅडम विसरल्या असतील, असं स्वतःला सांगितलं.

मॅडम विसरल्या नव्हत्या. आम्ही वर्गात शिरलो तर समोर टेबलावर प्लॅस्टिक अंथरलेलं आणि त्यावर आबांसाठी मातीचा एक मोठा गोळा. आबांनी धोतर, टोपी आणि एसीची थंडी म्हणून वर माझं कंपनीचं जॅकेट घातलं होतं. त्या वेशात ते खरोखरच कुणीतरी मोठे कलावंत दिसत होते. मॅडमनी दोन शब्द बोलून त्यांचं स्वागत केलं आणि विचारलं, आज आमच्यासाठी काय घडवाल? मुलीनं ते मराठीत सांगितलं, मोडकंतोडकं, पण मराठीत.

आबांनी गोळ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. हात मांडीवर ठेवले आणि बोलल्याप्रमाणे गप्प बसले. मुलीनं पुन्हा विचारलं, “आबा?” पोरं वाट बघत होती. मुलीचे कान लाल झाले.

मी उठलो. खुर्ची आडवी पडली, ती उचलली, मग पुन्हा उभा राहिलो.

“मॅडम, ते मी चुकीचं लिहिलं होतं. माझे वडील शिल्पकार नाहीत. ते पीठ दळायच्या दगडांचं काम करत. त्यांना सांगायची लाज वाटली नाही, मला वाटली.”

चार दिवस ज्या क्षणाला घाबरलो त्या क्षणी काहीही झालं नाही. पुढच्या रांगेतला एक बाप मोबाईल बघत होता, तो बघतच राहिला. मॅडम म्हणाल्या, “अच्छा! म्हणजे नेमकं काय करतात?” आणि तिथं माझी गाडी अडली. टाकी लावण्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे पदवीच्या चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी हवेत हातोडा मारून दाखवू लागलो. शेवटी मुलीनंच सांगितलं: दगड गुळगुळीत झाला की पीठ चांगलं येत नाही, आजोबा त्याला पुन्हा खरखरीत करतात. मागून काळा अबाया घातलेली कुणाची तरी आजी अरबीत “रहा! रहा!” म्हणाली आणि तिनं मूठ वळून हवेत जातं फिरवलं.

“व्हय, व्हय, त्येच!” आबा एकदम म्हणाले, आणि त्यांनीही हवेत खुंटा धरला. मग कितीतरी वेळ ते दोघं एकमेकांची भाषा न कळता बोलत होते.

नंतर मुलीची पाळी. तिची नवी ढाल मलाही दाखवलेली नव्हती. सगळ्यांना, आईबापांनाही, कोरे कागद वाटले. तिनं वर्णन वाचलं. इंग्रजीत जेमतेम एक ओळ होती: निळी ढाल, मधोमध एक सोनेरी छिन्नी, उभी, टोक खाली. दोनदा वाचून ती खाली बसली.

मी मान खाली घालून काढायला लागलो. हे तर घरचंच काम, आणि ड्रॉइंगला मला कायम पहिला वर्ग होता. बाजूनं पडलेल्या उजेडाची छटासुद्धा दिली.

मॅडमनी आबांना तपासायला सांगितलं. ते हात मागे बांधून बाकांमधून हिंडू लागले. कुणाचं गाजर झालं होतं, कुणाचं रॉकेट. गाजराचं टोक त्यांनी बोटानं दाबून दाखवलं, “हितं धार पायजे.” रॉकेटवाल्याची पाठ थोपटली. मग माझ्यापाशी आले, कागद उचलला आणि लांब धरला.

“ह्येला मूठ कुनी बसीवली?”

“छिन्नीला असते ना, आबा. लाकडी.”

“ती सुताराच्या पटाशीला आसती. दगडावर घाव पडल्याव लाकूड टिकंल व्हय? डोक्यापासनं टोकापातूर पोलाद आसतंय ते. घरात डोळं झाकून व्हतास का रं?”

आपल्या बाकावरून मुलगी ओरडली, “बाबा, नो हँडल!”

रॉकेटवाल्या पोराकडून मी खोडरबर मागून घेतलं. मूठ छायेसकट इतकी दाबून काढली होती की ती निघेना. मी घासत होतो आणि आबा कागद हलू नये म्हणून त्याचा कोपरा धरून उभे होते.