पायगुणाचा रकाना

मी लग्नाचे बायोडाटे तयार करतो. शेगावात स्टेशनकडून देवळाकडे येताना जिथे पेढ्यांची दुकानं संपतात आणि लॉज सुरू होतात, तिथे एका जिन्याखाली माझं दुकान आहे. मी, कॉम्प्युटर आणि पंखा, या तिघांपैकी दोघंच तिथे एका वेळी मावतात. या जिन्याखाली बसून मी आजवर निदान चाळीस हजार पोरं निर्व्यसनी केली. समोरच्याच्या गालात खर्रा असतो, पत्ता सांगेपर्यंत तो तीनदा थुंकायला बाहेर जाऊन येतो, आणि मी टाइप करतो: निर्व्यसनी. पाच फूट एक इंचाची मुलगी माझ्याकडून पाच फूट चार इंचाची होऊन जाते. अशा माणसाकडे कुत्र्यांचे बायोडाटे करायचं काम आलं, यात नवल काही नाही.

ते आणलं सिस्टरनी. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई; अख्खं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात बुद्धमूर्तीपुढे सात-आठ बारकी कुत्री ओळीने अशी बसलेली असतात की नव्या माणसाला वाटावं, वंदना चालू आहे. बिस्किटांचा डबा त्याच फळीवर असतो, एवढंच. पॉमेरेनियन, पग, ल्हासा, शित्झू. ही जात आमच्या उन्हात कुठून उगवली, असं लोक विचारतात. उगवत नाही, आणून टाकतात. मोठ्या शहरातली माणसं गाडी करून दर्शनाला येतात. येताना मागच्या सीटवर कुत्रं असतं, जाताना नसतं. महाराजांच्या गावात कोणी उपाशी राहत नाही, असं स्वतःला सांगायचं, प्रसाद घ्यायचा, काच वर करायची. गावठी कुत्रं रस्त्यावर जगतं. पण हे पाच किलोचं, पेपर अंथरल्याशिवाय मुततासुद्धा न येणारं, लॉजमागच्या उकिरड्यावर तासभर टिकत नाही. गावठी त्याला आधी हुंगतात, मग वाटून घेतात.

अशी कुत्री उचलून आणायची आणि त्यांना घर पाहून द्यायचं, हे आमचं तिघांचं काम. तिसरे म्हणजे चाचा. ते ब्लाऊज शिवतात, आणि त्यांची जुनी मारुती व्हॅन आमची रुग्णवाहिका. कुत्र्यांच्या कामाचा त्यांचा पायजमा-सदरा वेगळा. काम झालं की तो उतरवायचा, हातपाय धुवायचे, मगच नमाजला जायचं. मोहल्ल्यातले चिडवतात, "काय चाचा, आज कुत्र्याचे कपडे की मानसाचे?"

"तुह्याशी बोलाले कुत्र्याचेच चालतात बे," चाचा म्हणतात.

आमची पद्धत लग्नासारखीच. मी बायोडाटा बनवतो: वरती फुलांची वेल, खाली रंग, उंची, शिक्षण ('बस' म्हटलेलं समजते), अपेक्षा (गच्चीला कठडा असावा). तो मोबाइलवर गावोगाव फिरतो. कोणाला पसंत पडला की आम्ही तिघं घर पाहायला जातो. चहा-पोहे होतात. सिस्टर विचारतात, "सोफ्यावर घाण केली तर काय कराल?" उत्तर चुकलं की त्या पोहे अर्धे ठेवून उठतात. मी संपवून उठतो.

तर पांढरी.

पांढरी म्हणजे दहा वर्षांची पॉमेरेनियन, एका लॉजच्या न्हाणीघरात ओढणीने बादलीला बांधलेली सापडली. पिलं काढून काढून पोट जमिनीला टेकलेलं, मागच्या दाढा गेलेल्या, खोकला. कुणाच्या तरी पिंजऱ्यात तिने आयुष्यभर पिलं घातली होती आणि दुकान बंद झाल्यावर तीर्थाला आली होती. मेहकरच्या एका मास्तरांनी तिला नेलं आणि आठ दिवसांत आणून दिलं. भाजीत केस सापडतात म्हणे. मग इथल्याच एका लॉजवाल्यांनी नेलं. तेही परत आले. "खोकते. गिऱ्हाइकाले वाटते, मालकालेच टीबी आहे."

दुसऱ्यांदा परत आल्यावर तिने खाणं सोडलं. सिस्टर सिरिंजने पेज भरवायच्या, तीही स्वयंपाकघराचं दार लावून, कारण घरातला एक पग तिला पाहिलं की गळा धरायला उठायचा. ढोरांच्या डॉक्टरांनी तिला उचललं, तोललं, खाली ठेवलं. "हिले घर पाहा. पण आता अजून एकदा परत आली ना, तर सिरिंज घेऊन येऊ नका माह्याकडे. मरन ती."

म्हणजे एकच संधी. आणि म्हातारी, खोकणारी, दोनदा परत आलेली कोणाला हवी? आठवडाभर तिच्या बायोडाट्यावर एक फोन आला नाही. मी वय चार केलं. फोन नाही. खोकला काढून 'मितभाषी' लिहिलं. नाही.

मग मी एक नवा रकाना घातला. पायगुण: उत्तम.

आणि त्याखाली, हात चालू झाला की थांबत नाही म्हणून, लिहिलं की सिस्टरच्या कॉलनीतली सहा वर्षं कोरडी पडलेली बोअर ही कुत्री तिच्यावरून चालत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी गोड पाण्याने उसळली. यापैकी कुत्री त्या बोअरपाशी मुतली होती, एवढं खरं. तिसऱ्या दिवशी माणूस येऊन जळकी मोटार बदलून गेला, हे मी लिहिलं नाही.

सिस्टरनी चष्मा लावून वाचलं. "भाऊ, हे खोटं आहे."

"सिस्टर, बायोडाट्यात कोन खरं लिहिते?"

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. आत पांढरी खोकत होती. "पाठवा," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या माणसाला एक सांगायला हवं. आमच्याकडे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. त्याने झाडं जळतात आणि माणसाचे मूतखडे होतात. गोड पाण्यासाठी लोक तळहातावर नारळ धरून फिरणारा पाणाड्या आणतात, पायाळू माणूस शोधून त्याला वावरभर चालवतात. त्यांच्या हातात मी बोअरवाली कुत्री दिली! संध्याकाळपर्यंत माझा फोन भट्टीतून काढल्यासारखा तापला. पॉमेरेनियन म्हणजे काय हे माहीत नसलेली माणसं विचारत होती, "भाऊ, ते पान्याचं कुत्रं गेलं का?"

त्यातलं एक घर आम्ही निवडलं, संग्रामपूरकडचं. खता-बियाण्यांचं दुकान, संत्र्याचा बगीचा, गच्चीला कठडा, सोफ्यावर प्लॅस्टिक. घर सासूबाईंच्या मुठीत. मुलगा होता, पण तो आईच्या वाक्यांना मान हलवायच्या कामावर होता. पोहे घेऊन सून आली. पोह्यांची बशी माझ्या हातात देता देता ती हळूच म्हणाली, "दादा, माहा बायोडाटा तुमच्याकडचाच होता."

मला आठवली. पाच फूट चार.

सासूबाईंच्या कानाला शंभर कान फुटलेले. "हाव, तुमचाच तो! आनली तवा तीन इंच कमी निघाली. हे आली त्याच वर्षी बगीच्यात सारी फळं गळली. आता कुत्र्याचं तरी बरोबर निघो बाप्पा. पायगुनाचं पक्कं ना?"

"काकू, मी छापलं म्हनजे पक्कं."

सिस्टर हातातल्या पोह्यांकडे पाहत राहिल्या. त्या अर्धे ठेवून उठतील असं मला वाटलं. पण सून तोवर खाली बसली होती आणि आम्ही बरोबर नेलेल्या पांढरीपुढे बोटावर दुधातली भाकरी धरली होती, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा ती कुत्री आपल्या तोंडाने खात होती. सिस्टरनी पोहे संपवले.

पुढचे तीन आठवडे पांढरीचे राणीसारखे गेले. सून फोटो पाठवायची: पांढरी गादीवर, पांढरी मोत्यांच्या माळेत, पांढरी तिच्या मांडीवर, पोट गोल. खोकला कमी होता. चाचांनी तिच्यासाठी खणाचं झबलं शिवून पाठवलं. सिस्टर ते फोटो दवाखान्यात, किराण्याच्या दुकानात, जो थांबेल त्याला दाखवायच्या. एका फोटोत पांढरीच्या चारही पायांना कुंकू होतं, मागे बोअरची मशीन उभी होती. त्या फोटोवर मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं होतं. मोबाइलमध्ये अजून आहे.

पहिली बोअर तीनशे फुटांवर नुसता फुफाटा. पांढरीला दुसऱ्या जागेवरून चालवलं. दुसऱ्या बोअरला पाणी लागलं, चांगलं मनगटाएवढं लागलं; आणि ते असं खारं होतं की त्यात कैऱ्या टाकल्या असत्या तर पोळ्यापर्यंत लोणचं मुरलं असतं.

हे आम्हाला कळलं पाणी लागल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी. सुनेचा फोन आला. ती कुजबुजत होती. "दादा, घेऊन जा तिले. परवापासून वावरात बांधून ठेवली आहे."

"वावरात? काऊन?"

"घरात घेऊ नका म्हनतात."

मे महिन्याची दुपार. आमच्याकडे त्या वेळी कावळेसुद्धा पायी चालतात, पंख पेटतील म्हणून. चाचांनी ब्लाऊज मशीनवर तसाच सोडला आणि पहिल्यांदाच कुत्र्याचे कपडे न घालता गाडी काढली. वाटेत सिस्टर एकदा म्हणाल्या, "लिहिलं तुम्ही. वाचलं मी."

बोअरचा लोखंडी पाइप जमिनीतून हातभर वर आलेला होता. त्याला निळ्या दोरीने पांढरी बांधलेली. सावली नावाला नाही. अंगात चाचांचं झबलं तसंच. बोअरमधून निघालेला राखाडी गाळ तिच्या केसांवर वाळून ती सिमेंटची झाली होती. समोर ॲल्युमिनियमचं भांडं होतं, पाण्याने भरलेलं. सिस्टरनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या.

मागून सासूबाई छत्री घेऊन येत होत्या. "उपाशी नाही ठेवली हो! तिनं आनलेलं पानीच ठेवलं तिच्यापुढे. म्हटलं पी. तुहंच आहे."

"काकू, मुकं जनावर आहे," मी म्हणालो.

"मुकं आहे तर मंग लिहून कोन देलं?" त्यांनी पदराखालून माझा बायोडाटा काढला. लॅमिनेट केलेला, देवघरात लावल्याने वर हळदीचं बोट. "वाचा. वाचा ना, पायगुन काय लिहिला! तिकडे तीन इंच खाल्ले, इकडे दोन बोअरी खाल्ल्या. दुकान बंद करा तुमचं."

मी आयुष्यात कधी गप्प बसलो नव्हतो. लोक सांगतात, माझ्या जन्माच्या वेळी सुईण माझ्या बोलण्याने दमली. तिथे मी तो बायोडाटा हातात घेऊन सिस्टरच्या मागे जाऊन उभा राहिलो.

चाचांनी दोरी कापली, पांढरीला छातीशी धरली, तिच्या तोंडाची लाळ त्यांच्या चांगल्या सदऱ्यावर उतरली. व्हॅनपाशी सून उभी होती, डोक्यावरून पदर, हातात गोड्या पाण्याची बाटली. ती तिने सिस्टरना दिली. मग माझ्याकडे पाहून, सासूला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात म्हणाली, "दादा, वाईट वाटते. पन बरं झालं ती होती. नाही तर हे माह्यावर आलं असतं."

पांढरी शेगाव यायच्या आधीच गेली. सिस्टर सिरिंजने पाणी घालत होत्या आणि ते दुसऱ्या बाजूने बाहेर येत होतं. कॉलनीमागे आम्ही तिला पुरली. चाचांनी घरी जाऊन आंघोळ केली, सदरा धुतला, आणि दुसऱ्या दिवशी तो कुत्र्यांच्या कपड्यांत टाकला.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. दीड महिन्याने सुनेचा परत फोन आला. मी सिस्टरकडेच होतो, म्हणून स्पीकर लावला. "दादा, तिसरी बोअर मारून राह्यले. तुमच्याकडे असन तर एखादं कुत्रं द्या ना. कसंबी चालन. आंधळं, लंगडं. मी सासूले चोरून फोन करून मागून राह्यली, समजून घ्या."

तिला कुत्रं कशाला हवं होतं, हे त्या खोलीतल्या दोघांनाही कळलं. पग फळीखाली बसून आमच्याकडे पाहत होता. सिस्टरनी मान हलवली. नाही. आणि नाही म्हणायचं काम माझ्याकडे होतं.

सरळ नाही म्हणता आलं असतं. ताई, तू ये, सिस्टरकडे राहा, असं म्हणता आलं असतं. घर दोन खोल्यांचं असलं तरी तिच्याएवढी जागा होती. माझ्या तोंडातून आलं, "ताई, आम्ही कुत्र्याईचं काम करतो. सुनाईचं नाही करत." आणि मी हसलो. विनोद म्हणून.

तीही हसली. थोडंसं, मोठ्या माणसाचं मन राखायला हसतात तसं. "हाव दादा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सिस्टर त्या दिवसापासून माझ्याकडून बायोडाटा करून घेत नाहीत. स्वतः हाताने लिहितात: वय अकरा, खोकते, केस गळतात. तीन महिन्यांत दोनच कुत्र्यांना घर मिळालं, पण ती दोन्ही टिकली. मी पोह्यांना बरोबर जातो, पण मला कोणी काही विचारत नाही.

चाचा आठवडी बाजाराला कापड घेऊन त्या रस्त्याने जातात. परवा दुकानात येऊन उभे राहिले. म्हणाले, बगीच्यात आता तीन पाइप आहेत, मधल्याला निळी दोरी अजून तशीच आहे.

"अन् ते सून?" मी विचारलं. "दिसली का?"

चाचांनी टोपी काढून घाम पुसला, परत घातली.

"दारात सासू बसली होती बे," ते म्हणाले. "मी पानी मागाले उतरलो, तर म्हने, घरात आता पानी भराले कोनी नाही."