अकरा काड्यांची अँटेना

माणसाच्या डोक्यावर टिचकी मारून त्याची पारख करायची सोय असती, तर आमच्या मोठेबाबांनी तीही सोडली नसती. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. टरबूज, माठ, नांगराचं लाकूड, कुणाच्या नव्या घराची भिंत, काहीही असो, ते बोटानं वाजवायचे, कान लावायचे आणि निकाल द्यायचे. "बोलते" म्हणाले की वस्तू पास. "बोदी हाये", म्हणजे आतून पोकळ, म्हणाले की दुकानदारानं कितीही जीव तोडला तरी ती घरी येत नसे.

फक्त एका आवाजाबद्दल त्यांनी कधी चांगला शब्द काढला नाही, आणि तो त्यांच्याच घरात होता. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, धानाच्या रोवणीत, भाताची रोपं लावताना, गाणं म्हणू लागली की शेजारच्या बांधीतल्या बायाही हात थांबवून ऐकायच्या. मोठेबाबा मात्र शेताच्या धुऱ्यावरून ओरडायचे, "अवं, गाण्याच्या नादात रोवणा वाकडा होऊन राहिला!" ती हसायची आणि पुढचं कडवं आणखी वरच्या पट्टीत घ्यायची.

अशात कुणीतरी नागपूरच्या टीव्हीवाल्यांना तिचं नाव सांगितलं. चार बायांना घेऊन ती नागपूरला जाऊन गाऊनही आली. कार्यक्रम पुढच्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला लागणार होता, तोही एकदाच. आणि आसगावातल्या आमच्या मोहल्ल्यात टीव्ही कुणाकडेच नव्हता. तिसऱ्या दिवशी मोठेबाबा मला म्हणाले, "चाल वं पोरी, भंडाऱ्याले. तू कॉलेजात शिकून राहिली, तुले समजते."

टीव्ही त्यांनी पाच मिनिटांत घेतला. अँटेनाला लावले दोन तास! दुकानदार बिचारा नीट समजावत होता. शहरातल्यांना पाच काड्यांची पुरते, तुमचं गाव लांब, तुम्हाला अकरा काड्यांची लागेल, वर बूस्टर, आणि तोंड बरोबर नागपूरकडे. मोठेबाबांचं लक्ष असेल तर शपथ! ते एकेक काडी वाजवत होते. पाच काड्यांची बोदी निघाली. सात काड्यांचीला म्हणे सर्दी झालेली. अकरा काड्यांची टण्णकन वाजली आणि मोठेबाबा दुकानातच ओरडले, "हे बोलते!" दुकानदारानं कपाळाला हात लावला, पण त्यालाही तीच द्यायची होती.

एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "बाबा, टपावर टाका ते." मोठेबाबा म्हणाले, "तुमी बसा टपावर." सारा रस्ता अँटेना त्यांच्या मांडीवर, आणि तिच्या दोन काड्या पुढच्या बाईच्या अंबाड्यात.

घरी येताच कवेलूच्या कौलारू छपरावर लांब बांबू उभा राहिला, आणि अँटेनाचं तोंड थेट भंडाऱ्याकडे. मी म्हटलं, "मोठेबाबा, नागपूरकडे म्हणाला ना तो?"

"अवं, नागपूरची एस.टी. कोठून जाते? भंडाऱ्यावरून ना? मंग ते चित्र का वावरातून येईन?"

माझं बी.ए. बाजूला ठेवून मी टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या आल्या. बांबू उंच केला, मुंग्या. ठेंगणा केला, मुंग्या. तीन दिवस आम्ही नुसत्या मुंग्या पाहिल्या.

रविवारी पाचलाच अंगण भरलं. मोठीआई नवं लुगडं नेसून सगळ्यांत पुढे बसली. मोठेबाबा छपरावर, पायाखाली कवेलू कडाकड फुटून राहिलेले. "आली का?" "नाही!" "आता?" "नाही ना!" साडेपाचला पाच मिनिटं उरली तेव्हा मोठीआईचा चेहरा पार उतरला आणि मला तर रडूच कोसळलं. तेवढ्यात ती उठली, अंगणाच्या मधोमध गेली आणि रोवणीतल्या त्या आवाजात ओरडली,

"अवो! माया बाप बैल घेऊन पायदल नागपूरले जाये, त भंडाऱ्याचं तोंडई पायत नव्हता! माया माहेराच्याई पुढं हाये नागपूर. मावळतीकडं फिरवा ते!"

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"तुमी इचारलं कधी?"

बांबू करकरत फिरला. मुंग्या पळाल्या आणि काय सांगू, मोठीआई! पडद्यावर मोठीआई! अंगण नुसतं किंचाळलं. "मोठेबाबा, या ना खाली!" त्यांनी बांबू सोडला, की मुंग्या. धरला, की मोठीआई. तीनदा असं झाल्यावर ते बांबूला मिठी मारून वरच बसले. मी आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला. सगळ्या मोहल्ल्यानं मोठीआई पाहिली, एक मोठेबाबा सोडून.

गाणं संपलं. मग छपरावरून आवाज आला, "अवं, बोलते वं! खणखणीत बोलते!"

मोठीआईनं पदर तोंडात कोंबला. खांदे मात्र हसू आवरेना म्हणून हलत होते.

मोठेबाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला अजूनही दुकानात गेलं की वस्तू वाजवून पाहायची खोड आहे, आणि पोरं माझ्यावर हसतात. घरोघरी डिश आली, मग हातोहाती मोबाईल. गेल्या दिवाळीत स्लॅब टाकायचा म्हणून भावानं कवेलू उतरवले, अँटेनाही उतरवली आणि भंगारवाल्यापुढे ठेवली. मोठीआई काठी टेकत बाहेर आली. वाकली, एका काडीला टिचकी मारली आणि कान लावून ऐकत राहिली.

"हे नाही देत बापा," ती भंगारवाल्याला म्हणाली. "बोलते अजून."