प्रसादाच्या पुड्यात तंबाखू

आज माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, म्हणून लिहिते आहे.

मधुमेहाची जखम भरत नव्हती. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला बजावलं होतं. सकाळी नदीवरच्या राम घाटावरचे त्याचे हिंदी बोलणारे मित्र प्रसाद घेऊन आले. पुडा मी उघडला. लाडवाखाली तंबाखूची पुडी होती.

"दीदी, ऑपरेशन है, थोड़ी हिम्मत रहेगी," त्यांच्यातला एक म्हणाला.

"हिंमत द्यायची तर त्याच्याजवळ बसा," मी म्हटलं.

भाऊ म्हणाला, "ताई, एकच चिमूट. पाय तर जाणारच आहे."

"आणि दुसरा?"

मग उशीखालची चुन्याची डबी त्याने स्वतःच माझ्या हातात ठेवली.

आजाऱ्याला भेटायला जाताना तुम्ही काय नेता?

ऑपरेशननंतर सिस्टरने माझ्याकडे सोपवलं: त्याचं घड्याळ, चष्मा आणि दोन्ही चपला.