शेवटच्या रांगेतलं बटण

तुमच्या दाराला कुलूप दिसलं, की तुमचं घर बंद झालं असं कुणी परस्पर ठरवलेलं तुम्हाला चालेल का? आमच्या मीटरवाल्या मामांना चालत नसे. दुसऱ्याच्या दारावरच्या कुलपासाठी इतका झुरणारा माणूस जाफराबाद तालुक्यात आजवर झाला नाही, आणि आता होईल असंही मला वाटत नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे लांबचे चुलतभाऊ. घरोघरी विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं काम ते ठेकेदाराकडे करत. शेत भावांच्या वाटण्यांत संपलं होतं, त्यामुळे हातात होतं ते एवढंच. नवं शतक लागलं तसं ठेकेदाराने कागद बंद करून एक मशीन हातात दिलं. विटेएवढा कॉम्प्युटर, वर चिमुकला पडदा, खाली रबरी बटणांच्या रांगा. कासरे ओढून ओढून मामांची बोटं अशी झाली होती की एक बटण दाबलं की शेजारची दोन दबत. पहिल्याच महिन्यात त्यांनी मारुतीच्या देवळाला पिठाच्या गिरणीपेक्षा जास्त युनिट लावले आणि पुजारी भांडायला दारात आला. त्या दिवसापासून मामांनी उजव्या करंगळीचं नख वाढवायला घेतलं. जेवताना, गाठी सोडताना, कुणाला नमस्कार करतानासुद्धा ती करंगळी अधांतरी असे. "म्हातारपनी नखं वाढवून राह्यलेत," मामी शेजारणींना सांगायच्या, "उद्या लिपस्टिक आना म्हनतील."

आकडा भरला की मशीन 'टूं' वाजायचं. मामा त्याला दर वेळी "हां" म्हणून उत्तर देत. का, असं विचारलं तर म्हणाले, "बिचारं येकटंच बोलतंय. वाईट दिसतं." मामींनी जुन्या गोधडीचं त्याला अंगडं शिवलं होतं. मे महिन्याच्या उन्हात पडदा काळा पडला, की मामा कुणाच्याही घरात शिरून मशीन रांजणाच्या कडेला गारव्याला ठेवत आणि त्यानंतर स्वतःसाठी पाणी मागत.

पण त्या मशीनच्या शेवटच्या रांगेत एक बटण होतं, 'घर बंद'. मीटर घरात आणि दाराला कुलूप असलं तर ते दाबायचं. दाबलं की मशीन अंदाजाने आकडा टाकून पुढच्या घरावर जाई. बाकीचे रीडर चहाच्या टपरीवर बसून गल्लीच्या गल्ली बंद करत. मामांनी मात्र त्या बटणाला कधी नख लावलं नाही. "घर बंद कसं? सकाळी चूल पेटली व्हती ना? मानसं कामाला गेलीत," असं म्हणत ते सायकलवर टांग टाकत आणि शेतात जाऊन किल्ली घेऊन येत. एकदा शेवंताबाई सोयाबीन काढत होत्या. मामा बांधावरून ओरडले, "बाई, किल्ली द्या जल्दी!" बाई घाबरल्या, "काय झालं? आग लागली काय?" मामा म्हणाले, "न्हाई. तुमचं घर बंद हाय म्हनतंय मशीन."

पुढे पुढे जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत नाहीतर पुण्याला जाणारे लोक घराची किल्ली मामांकडेच ठेवून जाऊ लागले. कमरेला एवढा जुडगा झाला की एका लग्नात वरपक्षाने त्यांना मोठे सावकार समजून पहिल्या पंगतीला बसवलं. रिकाम्या घरात ते नुसतं मीटर बघून परतत नसत. तुळशीला तांब्याभर पाणी घालत, घरातल्या फोटोवरची धूळ पुसत आणि मगच बाहेर येत.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. अंदाजाने दिलेल्या बिलांविरुद्ध एक जळजळीत पत्रक लिहिलं, गठ्ठाभर छापून आणलं आणि पहिलं मामांना दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "बराबर लिव्हलंय, भाचेबुवा. पन ह्याच्यात शेवंताबाई कुठंय?" असं म्हणून त्यांनी उरलेला गठ्ठा मागून घेतला आणि मशीनला धक्का बसू नये म्हणून पिशवीच्या तळाशी घातला.

शेवटी ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर आला. "मामा, बाकीच्यांचा तालुका उरकला, तुमचं येक गाव उरकंना. उद्यापासून बटन दाबा, न्हाईतर मशीन ठिवा."

"मोर्चा काढू," मी म्हणालो. मामा हसले. "कुनाचा रं? ज्यांच्यासाठी काढायचा ते समदे पुन्याला गेलेत कवाच."

दुसऱ्या दिवशी मामा एका कुलपासमोर नख उगारून बराच वेळ उभे राहिले. मग गोधडीचं अंगडं काढून घेतलं आणि उघडं मशीन नेऊन ठेकेदाराच्या माणसाच्या हातावर ठेवलं. "कुनाच्या घराला बंद म्हननं मला जमनार न्हाई. बिलकुल न्हाई."

त्यानंतर मामा पारावर बसून राहायचे. नख काही कापलं नाही. ते गुडघ्यावर टकटक वाजायचं. कुणाचा मोबाइल वाजला तर नकळत "हां" म्हणून जायचे. एका हिवाळ्यात ते गेले. शेवटची आंघोळ घालताना कुणीतरी ते नख कापायला निघालं, तर मामींनी हात धरला. पुढे मामी लेकीकडे जालन्याला गेल्या. जाताना गावातल्या किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे दिला. स्वतःच्या घराची किल्ली मात्र पदराला बांधून नेली.

परवा नवा रीडर मामांच्या दारापाशी थांबला. कुलूप पाहिलं आणि त्याचा अंगठा शेवटच्या रांगेकडे गेला. मी समोरच्या ओट्यावरून ओरडलो, "थांब! घर बंद न्हाई. मामी लेकीकडं गेल्यात, येनार हायेत."

पोरगा वाईट नव्हता. खरंच थांबला. बटणांवरून नजर फिरवली. "मंग काय दाबू, दादा? तसं बटन न्हाई ह्याच्यात."

त्याने थोडी वाट पाहिली आणि अंगठा शेवटच्या रांगेतल्या बटणावर टेकवला. मशीन 'टूं' वाजलं. माझ्याच्याने "हां" म्हणवलं नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच मागणं आहे. तुमच्या शेजारच्या कुलपासमोर कुणी असं मशीन घेऊन उभं राहिलं, तर उठा, बाहेर या. त्या घरातली माणसं कुठे गेली आहेत, कधी येणार आहेत, ते त्याला नावानिशी सांगा. मशीनमध्ये बटण नसलं तरी सांगा.