दोन भोकांचा लॅपटॉप

दि. २४ सप्टेंबर २०२५. रुपये एकसष्ट हजार तीनशे साठ फक्त. एवढ्या रकमेत आमच्या दूध संस्थेने एक लॅपटॉप घेतला. मी संस्थेचा सचिव. चेकवर दुसरी सही माझी. पितृपक्ष संपू दिला, तीन दरपत्रके मागवली, तक्ता केला आणि सर्वांत कमी दराचा माल घेतला. तक्त्यात वजन होते, वॉरंटी होती, रंगसुद्धा होता. खरेदीच्या आधी वर्षाराणीने एकच प्रश्न विचारला होता.

"भाऊसाहेब, त्याला भोकं किती हायेत?"

मला प्रश्न अडाणी वाटला. म्हणालो, "नव्या मशीनला असतात तेवढी असतील."

"किती, ते सांगा की."

तेव्हा सांगता आले नाही. आता सांगतो. दोन.

वर्षाराणी आमच्या संकलन केंद्रावरची ऑपरेटर. वय अडतीस. माहेर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, मेंढरे राखणाऱ्यांच्या वाडीत. सासर इथे, उत्रोलीच्या पलीकडे. संगणकाचा क्लास तिने लग्नानंतर भोरला जाऊन केला. सासू म्हणायची, बोटं आपटायला शिकायचे पैसे कशाला, भाकऱ्या थाप. अकरा वर्षांपूर्वी केंद्रावर पावत्या गेनू नावाचा माणूस हाताने लिहायचा. दुधाचा दर फॅटवर ठरतो; मशीन म्हशीची फॅट दाखवायचे सहा पॉइंट आठ, कागदावर उतरायची सहा पॉइंट पाच. गेनूचे पेनच उताराचे होते. एकदा त्याने वर्षाराणीच्या सासूच्या म्हशीला तीन पॉइंट नऊ लावून थेट गायींच्या पंक्तीत बसवले. त्या दिवशी वर्षाराणी सासूच्या बाजूने भांडली. तशी वेळ पुन्हा आली नाही. सासूच्या बाजूने बोलायची, असे म्हणतोय मी.

भांडण ऐकून कमिटीने गेनूला काढले आणि हिला बसवले. हिने फॅटचे मशीन, वजनकाटा आणि प्रिंटर, तिन्हींच्या वायरी कॉम्प्युटरच्या पाठीत खोचल्या. मशीन बोलेल तेच कागदावर. मध्ये माणसाचा हात नाही. अकरा वर्षांत तिने हातची एकही पावती फाडलेली नाही. त्यामुळे रस्त्यापलीकडे खासगी डेअरीचा गाळा उघडला, घरटी एक बादली फुकट वाटली, तरी आमची बासष्ट घरे आमचीच राहिली. लोकांनी बादली घेतली आणि दूध आम्हाला घातले, त्याच बादलीतून.

लॅपटॉप आला तो पापडासारखा. तिने तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"जुन्याच्या पाठीत नऊ भोकं व्हती. ह्याला उजवीकडं येक, डावीकडं येक, ती बी तांदळाच्या दाण्यायेवढी. त्यातलं येक चार्जिंगला. बाकीच्या वायरी काय नाकात घालू?"

मी दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, "काका, कंपन्यांनी पोर्ट काढूनच टाकलेत. आता सगळं वायरलेस."

"मंग म्हशी बी वायरलेस पाठीव म्हनावं," वर्षाराणी मागून म्हणाली. फोन कट झाला.

या कंपन्यांना माझे एवढेच विचारणे आहे की पातळ करायला तुम्हाला कोणी सांगितले होते? आमचा लॅपटॉप टेबलावरून उठत नाही. तो कोणाला खिशात घालायचा नाही. जुन्यापेक्षा किंमत जास्त आणि भोके सात कमी, हा व्यवहार आमच्या पशुखाद्यवाल्याने केला असता तर पोते त्याच्याच डोक्यावर ठेवून परत पाठवला असता. इथे मात्र आपण त्याला प्रगती म्हणतो आणि वर जीएसटी भरतो.

शेवटी वर्षाराणी वडापच्या जीपने नसरापूरला गेली आणि स्वतःच्या पैशाने एक ॲडाप्टर घेऊन आली. अकराशे पन्नास रुपये. त्याची शेपटी लॅपटॉपच्या एका भोकात घालायची, मग त्याच्या पाठीत तिन्ही वायरी. दुसऱ्या भोकात चार्जर. चाचणी झाली, पावती निघाली.

एक ऑक्टोबरला खंडेनवमी. आमचे चेअरमन सावळाराम आबा यांनी जुना कॉम्प्युटर भंगारात दिला आणि नवा लॅपटॉप पूजेला घरी नेला. हत्याराला कुंकू कामाच्या जागी लावायचे, ही आबांच्या घरची रीत. विळ्याला धारेवर, कुऱ्हाडीला पात्यावर. लॅपटॉपचे काम कुठून चालते? आबांनी विचार केला आणि उजव्या भोकावर ओल्या कुंकवाचे बोट टेकवले. वर अक्षता.

दसऱ्याला सकाळी सहाला लॅपटॉप केंद्रावर आला. चार्जिंग चौदा टक्के. उजव्या भोकात कुंकू आणि एक तांदूळ, मापात बसलेला. वर्षाराणीने टाचणी घातली, तसा तो आणखी आत गेला. आता भोक उरले एक. त्यात चार्जर घाला, नाहीतर ॲडाप्टर. बाहेर बासष्ट घरांची रांग.

आबा म्हणाले, "आजच्या दिस हातानं लिव गं पोरी. सणाचं कोण बघतंय?"

"आबा, गेनू बी असंच म्हनायचा."

रांग हसली. पलीकडच्या गाळ्यात पावतीपुस्तक घेऊन जो बसला होता, तो गेनूच. तो हात करून ओरडला, "या, या! हितं लगीच!"

वर्षाराणी दारात आली. "आयका! बॅटरी हाय तवर दूध घेनार. मंग अर्धा तास चार्जिंग, मंग परत. ज्याला हातची पावती पायजे त्यानं रस्ता वलांडावा. म्या कुनाला अडवत न्हाई."

मी तिच्याकडे पाहिले. तिचे मानधन लिटरवर. रांग फुटली असती तर पहिली चाट तिलाच होती, आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

सतरा घरे झाली आणि पडदा काळा झाला. चार्जर लावला. लोकांनी किटल्या हौदाच्या पाण्यात ठेवल्या आणि आपट्याची पाने वाटत बसले. धोंडाबाई म्हातारी पायरीवर टेकली. "माजी म्हस सात पॉइंट येकची हाय. तिचा आकडा लागस्तवर मी दुपारपत्तुर बसंन."

दुसऱ्या फेरीत बावीस घरे. आठला टँकर आला. ड्रायव्हर पप्पूने चार वेळा हॉर्न दिला.

"वर्षाताई, मी चाललो बरं का!"

"जा की. चलन ह्याच लॅपटॉपातनं निघतं. बिगर चलनाचा गेलास तर भोरला दूध तूच पी."

पप्पूने इंजिन बंद केले आणि धोंडाबाईशेजारी बसला.

पावणेनऊला तिसरी फेरी संपली. पुन्हा बावीस. एकूण एकसष्ट घरे, सगळ्या पावत्या मशीनच्या. रस्ता ओलांडलेले घर एकच. आबांची सून. चुलीवर पुरण होते, थांबायला वेळ नव्हता. आबांच्या म्हशीला आमच्याकडे सहा पॉइंट नऊ लागते. गेनूने सहा पॉइंट दोन लिहिले. आबांनी ती पावती दोनदा वाचली आणि खिशात ठेवली. संध्याकाळचे दूध ते स्वतः घेऊन आले आणि रांगेत शेवटी उभे राहिले.

तांदूळ भोरच्या मोबाईलवाल्याने काढला. पैसे घेतले नाहीत. त्याला हसू आवरत नव्हते.

ॲडाप्टरच्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही, त्यामुळे ते कमिटीपुढे ठेवता येत नाही. माझ्या अधिकारात एका व्हाउचरला पाचशे रुपये. ऑक्टोबरात एक केले, नोव्हेंबरात एक. एका खरेदीची दोन व्हाउचरे नियमात बसत नाहीत. तिसरे मी केले नाही. ३१ मार्चला मी निवृत्त होतो. संस्थेकडून वर्षाराणीला एकशे पन्नास रुपये देणे आहेत.